घराची मागची भिंत रंगवताना

प्रश्न असा आला आहे: मालवणजवळ आजोळचं जुनं कौलारू घर आहे. त्याची मागची बाजू, म्हणजे न्हाणीघर, विहिरीकडं उघडणारं दार आणि चुन्याची भिंत, तैलरंगात वास्तववादी पद्धतीनं रंगवायची आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेपासून जलरंगाचा सराव आहे, तैलरंग नवा. दोन चित्रं करून झाली. पाहणारे छान म्हणतात, पण स्वतःला दोन्ही कॅलेंडरवरची वाटतात. नेमकं काय बिघडतंय? विषयच फार साधा आहे का? मधली भिंत रिकामी दिसते, तिथं काय करावं? आणि फोटोवरून केलं तर चालेल का?

दोन्ही चित्रं नीट पाहिली. विषय साधा आहे आणि तो तसाच हवा. बिघडतंय ते एवढंच की तो साधेपणा तुम्हाला सोसवत नाही. पहिल्या चित्रात विहिरीवर घागर घेतलेली बाई आली, दाराशी बोगनवेल आली, छपरावर माड वाकला. दुसऱ्यात बाई गेली, वेल गेली, पण प्रत्येक कौल मोजून रेखलंय. दोन्हींमागची भीती एकच: नुसती भिंत कोण बघणार? म्हणून एकदा गोष्ट जोडली आणि एकदा मेहनत. भिंत मात्र दोन्ही चित्रांत सारख्याच पांढऱ्या रंगानं, ट्यूबमधून काढल्यासारखी भरून टाकली आहे. जे बघायला बसलात तेच सगळ्यात कमी बघितलंय.

या भीतीवर उतारा म्हणून एक चित्र सांगतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत थॉमस जोन्स या वेल्श चित्रकाराचा नेपल्समधल्या एका भिंतीचा अभ्यास, म्हणजे समोर बसून केलेलं सरावाचं चित्र, आहे, साधारण १७८२ सालचा. कागदावर तैलरंग, आकार ११.४ बाय १६ सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढा. चित्रात आहे काय? एक जुनी, पोपडे गेलेली भिंत, आणि ती जवळजवळ सगळी जागा व्यापते. तिच्यात एक दार, समोर लाकडी कठड्याचा छोटा सज्जा, त्यावर वाळत घातलेले दोन-चार कपडे. सज्जाखाली वर्षानुवर्षं पाणी ओतल्यामुळे पडलेला ओघळ. बांधकामाच्या वेळी परांचीच्या बल्ल्या खोवायला ठेवलेली आणि नंतर न बुजवलेली भोकं. वर निळ्या आकाशाची अरुंद पट्टी. संपलं. माणूस नाही, प्रसंग नाही, जवळचा व्हेसूव्हियस ज्वालामुखी तर नाहीच, आणि नेपल्सला जाऊन व्हेसूव्हियस न काढणं ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

जोन्स हा निसर्गचित्रकार रिचर्ड विल्सनचा शिष्य. पोट भरण्यासाठी तो मोठी, नीटनेटकी, पुराणकथांच्या वासाची निसर्गचित्रं करायचा. १७७६ मध्ये इटलीला गेला, १७८० ते १७८३ नेपल्समध्ये राहिला, आणि गच्चीवरून, खिडकीतून समोर दिसेल ते छोट्या कागदांवर रंगवत बसला. ते काम विकायचं नव्हतं, दाखवायचंही नव्हतं. पुढं तो वडिलोपार्जित जमीन सांभाळायला वेल्सला परतला आणि हे कागद घरातच राहिले. १९५४ च्या सुमारास ते विक्रीला आले तेव्हा लोकांना कळलं की हा माणूस काय करून गेलाय. आज त्याची मोठी चित्रं फारसं कुणी बघत नाही, ती भिंत बघायला लोक थांबतात.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या भिंतीत आहे. तिचा मधला भाग 'रिकामा' नाही. तो करडा, पिवळट, गुलाबीकडे झुकणारा, ओघळाशी थंड, म्हणजे निळसर होणारा, भोकांपाशी एकदम काळवंडणारा असा हळूहळू बदलत जातो. रंगांमधली अंतरं फार थोडी आहेत, पण प्रत्येक अंतर बघून ठरवलेलं आहे. कपड्यांचे तुकडे आणि आकाशाची पट्टी उठून दिसतात त्या या दबलेल्या करड्यामुळेच. तुमच्या भिंतीवरही एवढं सगळं आहे. ते दिसावं म्हणून काय करायचं, आता त्याकडे वळतो.

सगळ्यात आधी होकायंत्र काढा. भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे तुमच्या प्रश्नात नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरांची चित्रं करणारे नवशिके रंग कुठले घ्यायचे ते विचारतात, भिंत कुठं बघते ते विचारत नाहीत.

मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. याचा अर्थ, भिंत नेमकी उत्तरेला असेल तर त्या सहा महिन्यांत तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. दिवसभर आकाशाचा उजेड, तोही बऱ्यापैकी स्थिर. तैलरंग नवा असणाऱ्यासाठी याहून चांगली भिंत नाही. सावल्या पळत नाहीत, तुम्ही तीन-चार तास बसू शकता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी येऊन पुढं चालू करू शकता. लोक मात्र उन्हातली भिंत शोधतात, कारण ती 'चित्रासारखी' दिसते.

भिंत पूर्वेची असेल तर खेळ वेगळा. डिसेंबरात सकाळी ऊन समोरून येतं, भिंत सपाट, भगभगीत दिसते. साडेदहानंतर ऊन तिरपं होऊन भिंतीला घासत जातं आणि गिलाव्याचा खडबडीतपणा, पोपड्यांच्या कडा, चिऱ्यांचे सांधे सगळं उमटून येतं. पण वेळ फार थोडा मिळतो. वळचण दोन फूट बाहेर असेल तर साडेदहाला तिची सावली भिंतीवर अडीच-पावणेतीन फूट उतरलेली असते, साडेअकराला सहा फुटांच्या आसपास. तासाभरात सावली दुपटीहून जास्त लांबते. तुम्ही जर साडेदहाला सावलीची कड काढलीत आणि साडेअकराला दाराचा रंग लावलात, तर चित्रात दोन वेगवेगळे सूर्य येतील. तुमच्या दुसऱ्या चित्रात नेमकं हेच झालंय: वळचणीची सावली सकाळची आहे, विहिरीच्या कठड्याची जवळजवळ दुपारची. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण उजेड खोटा आहे हे त्याला कळतं.

दक्षिणेच्या भिंतीवर डिसेंबरात भर दुपारी सूर्य पन्नास अंशांवर असतो, त्याच वळचणीची सावली अडीच फुटांच्या आतबाहेर राहते आणि बराच वेळ फारशी हलत नाही. आणि मे महिन्यात सुट्टीला जाऊन रंगवणार असाल तर आधीच सांगतो: पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकाही उभ्या भिंतीला ऊन लागत नाही, अंगण मात्र पेटलेलं असतं. तेही रंगवण्यासारखं आहे, पण अवघड.

व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकारानं १८०० साली छापलेल्या ग्रंथात शिष्यांना सल्ला दिला होता की बाहेर बसून करायचा अभ्यास दोन तासांच्या वर नेऊ नये, आणि उगवतीचा-मावळतीचा असेल तर अर्ध्या तासात आवरावा. त्यानं स्वतः रोममधल्या एकाच छपराचे दोन अभ्यास केलेत, एक ऊन असताना, एक ऊन गेल्यावर. दोन्ही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. एकाच चित्रात दोन्ही कोंबण्यापेक्षा दोन कागद घेणं त्याला बरं वाटलं. तुम्हीही तेच करा. दोन तास झाले की थांबा. राहिलं तर उद्या त्याच वेळी, नाहीतर नवा बोर्ड.

आता भिंतीच्या पांढऱ्याबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण तुमची दोन्ही चित्रं इथं अडली आहेत.

भर उन्हात उजेड साधारण १ लाख लक्स असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). आकाशाला मोकळ्या असलेल्या सावलीत १० ते २० हजार. बऱ्यापैकी स्वच्छ चुना पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, तांबडी माती फार तर २० टक्के. गुणाकार करून बघा. सावलीतली पांढरी भिंत उन्हातल्या तांबड्या अंगणापेक्षा गडद निघते. मन म्हणतं भिंत पांढरी, माती गडद. तुम्ही मनाचं ऐकलंत, म्हणून अंगण तपकिरी आणि भिंत दुधासारखी झाली, आणि ऊन गेलं. डोळे बारीक करून बघितलं असतं तर अंगण वर उसळलेलं दिसलं असतं.

दुसरी अडचण रंगाचीच. टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक यांच्यातलं उजेडाचं अंतर फार तर तीसपट आहे. समोर मात्र उन्हातला चुना आणि दाराआडचा काळोख यांच्यात शेकडो पटींचा फरक असतो. तो जसाच्या तसा रंगात येणं शक्यच नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवावं लागतं: सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, आणि बाकी सगळं त्या दोघांच्या मध्ये कुठं. गायक आधी सा लावून घेतो तसंच आहे हे. तुमच्या भिंतीत सगळ्यात उजळ बहुधा उन्हातला एखादा छोटा तुकडा असेल, न्हाणीघराच्या कोपऱ्यावरचा. शुद्ध पांढरा फक्त तिथं, तोही किंचित पिवळा घालून. बाकीची सगळी भिंत त्याच्या खाली.

जुझेप्पे अब्बाती या इटालियन चित्रकाराचा एक अभ्यास यासाठी डोळ्यांसमोर ठेवा. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चच्या आवारात तेव्हा बांधकाम चालू होतं, संगमरवराचे ठोकळे पडलेले होते. अब्बातीनं १८६१-६२ च्या सुमारास ते ठोकळे पुठ्ठ्यावर तैलरंगात केले, साधारण १९ बाय २५ सेंटिमीटर. पांढरा ठोकळा, करडा ठोकळा, मागं गडद सावलीतला चौक आणि त्यात बसलेला निळ्या टोपीचा एक माणूस. ठोकळ्यांना कडा रेखलेल्या नाहीत, रंगाचा एक पट्टा दुसऱ्याला भिडतो आणि कड तयार होते. आधीच्याच वर्षी इटलीच्या एकीकरणाच्या लढाईत गॅरिबाल्डीच्या बाजूनं लढताना या माणसाचा उजवा डोळा गेला होता. एका डोळ्यानं उजेडाची पातळी जास्त चांगली मोजता येते असं मी म्हणणार नाही, पण ते चित्र पाहिल्यावर तसं वाटतं खरं. ते फ्लॉरेन्सच्याच पिट्टी राजवाड्यातल्या आधुनिक कलेच्या संग्रहात आहे.

आता कोकणातल्या भिंतीचं. ही भिंत इटलीतल्या भिंतीसारखी नसते आणि तिथली रंगांची पाककृती इथं लागू करू नये. आपल्याकडं चुन्यात नीळ घालायची पद्धत होती, त्यामुळे जुन्या चुन्याला मुळातच थंड झाक असते. मग पाऊस. जोत्यापासून वर हात-दीड हात तांबड्या मातीच्या शिंतोड्यांचा पट्टा चढतो, वर जाईल तसा विरत जातो. वळचणीखाली पाणी झिरपलेल्या जागी काळपट-हिरवे ओघळ. गिलावा पडला असेल तिथं जांभ्याचे चिरे उघडे पडलेले. या गोष्टी सजावट म्हणून घालायच्या नाहीत, पण त्या आहेत तर त्यांचा रंग बघायला हवा. शिंतोड्यांचा तांबडा लाइट रेडमध्ये थोडा यलो ओकर आणि भरपूर भिंतीचाच करडा घालून येतो. शेवाळाचा हिरवा हिरव्या ट्यूबमधून काढू नका, यलो ओकरमध्ये आयव्हरी ब्लॅक मिसळा. जो मळकट हिरवा मिळेल तोच खरा.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट, जी तुमच्या दोन्ही चित्रांत नाही: उन्हातलं तांबडं अंगण खालून भिंतीवर उजेड फेकतं. त्यामुळे सावलीतल्या भिंतीचा खालचा भाग उबदार, म्हणजे तांबूस-पिवळट असतो, वर जाताना आकाशाचा निळसर उजेड जोर धरतो, आणि अगदी वर वळचणीखाली, जिथं आकाश दिसत नाही, तिथं पुन्हा ऊब येते. वाशांच्या खालच्या बाजू तर नारिंगीकडे झुकतात. उबदार, थंड, उबदार असा तो क्रम आठ-दहा फुटांच्या भिंतीत घडतो. 'सावली म्हणजे निळी' असं शिकून आलेला माणूस पूर्ण भिंत निळी करतो आणि भिंत हवेत तरंगायला लागते. तुमच्या रिकाम्या भिंतीत काय करायचं याचं उत्तर हे. अंगण सारवलेलं असेल, ओलं असेल, वर पाचोळा पडला असेल, तर हा परतीचा उजेड बदलतो. बसण्यापूर्वी बघून घ्या. आणि रंगवायला बसल्यावर घरातल्यांनी अंगणात पाणी मारू नये एवढं सांगून ठेवा.

कौलांबद्दल थोडं कडक बोलतो. छपराचा रंग ट्यूबमधल्या लाल रंगासारखा नसतो. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला काढला, तिथली नवी कौलं लाल असत हे खरं, पण तुमच्या आजोळची कौलं कित्येक पावसाळे खाल्लेली आहेत. ती बरीचशी काळी-करडी, मधूनच एखादं बदललेलं कौल तेवढं लालबुंद. शिवाय छप्पर आकाशाकडं तोंड करून असल्यामुळे त्यावर आकाशाचा उजेड भरपूर पडतो. ढगाळ दिवशी काळपट छप्परसुद्धा खालच्या सावलीतल्या भिंतीच्या बरंच जवळ येतं. एकेक कौल काढण्याची गरज नाही. ओळी कुठं जातात ते रिपांच्या अंतरावरून समजून घ्या, वर जाताना त्या जवळ येतात तेवढं सांभाळा, आणि वळचणीच्या कडेवर, जिथं कौलांची टोकं भिंतीच्या सावलीवर उठून दिसतात, तिथं दोन-चार नीट काढा. बाकीची नजर स्वतः भरून घेते.

रेखाटनात लोक दोन प्रकारे फसतात. एक, डोळ्याची उंची. स्टुलावर बसलात की तुमची नजर जमिनीपासून चारएक फुटांवर येते. त्या पातळीच्या वरच्या रेषा दूर जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. पहिल्या चित्रात वळचणीची रेषा बरोबर उतरली आहे पण जोत्याची रेषाही तिच्याबरोबर उतरली आहे, म्हणून घर अंगणात बुडतंय. बसल्या बसल्या बोर्डवर आडवी फिकी रेषा मारा आणि ती दारावर नेमकी कुठं येते, कडीच्या वर की खाली, ते बघा. दोन, वाकडेपणा. जुन्या घराचं आढं मध्ये दबतं, दाराची चौकट एका बाजूला कलते. हे पाहून हौसेनं सगळंच वेडंवाकडं काढायची लहर येते आणि घर व्यंगचित्रासारखं होतं. आधी सरळ रेषा मारा, मग आढं तिच्यापासून किती दबलंय ते ब्रशच्या दांडीनं मोजा. बहुतेक वेळा तो दाब वाटला त्याच्या निम्माच निघतो.

सामानाचं भराभर सांगतो, कारण यात वाद घालण्यासारखं फार नाही. आठ बाय दहा इंचांपेक्षा मोठा बोर्ड घेऊ नका. हार्डबोर्ड किंवा एमडीएफ, दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, नाहीतर दमट हवेत तो वाकतो. वर रॉ अंबरचा पातळ हात देऊन मधला करडा करून घ्या. पांढऱ्या बोर्डवर पांढरी भिंत रंगवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. रंग सहा-सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक. झिंक व्हाइट टाळा, ते पुढं ठिसूळ होऊन तडकतं. ब्रश डुकराच्या केसांचे, फ्लॅट, आणि तुम्हाला वाटतात त्यापेक्षा मोठे. बोर्डवर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात चित्र उजळ दिसतं, तुम्ही नकळत गडद रंगवता आणि घरात आणल्यावर सगळं काळं पडल्यासारखं वाटतं.

जलरंगाच्या सवयीचं मात्र थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडं निसर्गचित्राची परंपरा मुख्यतः जलरंगातून आली, शाळेतल्या परीक्षांपासून तीच हाताला लागते. कागद राखायचा, उजळाकडून गडदाकडं जायचं, एका वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या एका हातात, काम संपवायचं. तैलरंगात उलटं चालतं. आधी पातळ रंगात गडद जागा मांडा: दाराआडचा काळोख, वळचणीची सावली, न्हाणीघराचा आतला कोपरा. मग मधल्या पातळ्या, आणि जाड, उजळ रंग सर्वांत शेवटी. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त, हा क्रम मोडला की पुढं तडे जातात. तुमच्या भिंतीत रंग टर्पेंटाइननं इतका पातळ केलाय की तो ओघळलाय. ते जलरंगाचं भूत आहे. चुन्याच्या भिंतीला रंगाचा अंगचा जाडपणा लागतो, थोडा खरबरीत. ब्रशचे फटकारे भिंतीवर उभे-आडवे तिरपे जातील असे द्या, घोटू नका. घोटलेली भिंत प्लॅस्टिकची दिसते.

मी स्वतः भिंतीचे चार-पाच रंग पॅलेटवर आधी नाइफनं मिसळून ठेवतो: खालचा उबदार, मधला थंड, वरचा, उन्हातला, शिंतोड्यांचा. नाइफवर थोडा रंग घेऊन नाइफ भिंतीच्या दिशेनं धरतो आणि एक डोळा मिटून शेजारी शेजारी बघतो. हुबेहूब जुळणार नाही, जुळायला नकोच, पण हा त्यापेक्षा थंड की उबदार, उजळ की गडद, हे लगेच कळतं. मिसळायला अर्धा तास जातो. नंतरचं काम झपाट्यानं होतं. दाराआडच्या काळोखात नुसता काळा भरू नका, तिथं बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. काळोखात थोडी ऊब असली की दार आत उघडतं, नाहीतर भोक चिकटवल्यासारखं दिसतं.

फोटोवरून करू का, असं विचारलंय. आठवणीला मदत म्हणून ठेवा, आधार म्हणून नको. फोन सावल्या उचलून वर आणतो आणि उन्हातला चुना खाली ओढतो, म्हणजे वर सांगितलेला सगळा हिशेब तो परस्पर पुसून टाकतो. परतीचा उबदार उजेडही बहुधा त्याच्या रंगदुरुस्तीत जातो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, जवळून फोटो घेतला की घराचा जवळचा कोपरा फुगतो, फोन वर कलवला की भिंती आत झुकतात. घ्यायचाच असेल तर मागं जाऊन, झूम करून, फोन सरळ धरून घ्या. आणि त्याबरोबर जागेवर बसून पेन्सिलीत उजेडाच्या पाच पातळ्यांचं छोटं टिपण करा, प्रत्येक पातळीवर 'थंड', 'उबदार' असं लिहून. त्या टिपणावरून घरी चित्र होतं. नुसत्या फोटोवरून दुसऱ्या चित्रासारखं होईल.

थांबायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाही, पण दोन्ही चित्रं थांबण्याच्या जागेच्या पुढं गेलेली आहेत. बर्लिनच्या आडोल्फ मेन्झेल या चित्रकारानं १८४५ मध्ये आपल्या घरातली एक खोली रंगवली: उघडं बाल्कनीचं दार, फुगलेला पडदा, दोन खुर्च्या, आरसा. डावीकडच्या भिंतीवर एक फिकट डाग आहे आणि तो परतीचा उजेड आहे की रंगवायचं राहून गेलेला भाग, याबद्दल अजून जाणकारांचं एकमत नाही. मेन्झेलनं ते चित्र कित्येक वर्षं लोकांपुढं आणलं नाही, त्या काळात तो नाव कमावत होता दुसऱ्याच, राजेरजवाड्यांच्या चित्रांवर. तो डाग त्यानं 'पूर्ण' केला असता तर खोलीतली हवा गेली असती असं मला वाटतं. तुमच्या अभ्यासाचा प्रश्न जर 'सावलीतली चुन्याची भिंत किती उजळ?' असा असेल, तर त्याचं उत्तर मिळालं की खिडकीचे गज अर्धवट राहिले तरी हरकत नाही. गज काढायचे असतील तर तो वेगळा बोर्ड.

बाईबद्दल शेवटचं. ती खरोखर विहिरीवर आली, थांबली, आणि तिच्या साडीचा रंग भिंतीच्या करड्याला काही करत असेल, तर जरूर घ्या, अब्बातीनं निळी टोपी घेतलीच. पण ती आली नाही तर बोलावू नका.

वाळवणीचं: तैलरंग पाणी उडून सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, आणि दमट हवेत त्याला जास्त वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम करा, पावसाळ्यापूर्वी बोर्ड कोरडे होऊ द्या. पातळ थरांनाही व्हार्निशआधी सहा महिने द्यावेत. कपाटात बंद ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि कोंदट जागी बुरशी धरते. उजेडाच्या खोलीत, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून लावा. तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

प्रत्येक बोर्डच्या मागं तारीख, वेळ आणि भिंतीची दिशा लिहा. पुढचा अभ्यास पाठवाल तेव्हा मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, मी आधी तो बघेन.